किलोभर साखरेतले साडेतीन रुपये

आमच्याकडे दिवाळीच्या आसपास ओढ्याकडेच्या मोकळ्या रानात एका रात्रीत वस्ती उभी राहायची. संध्याकाळी रान रिकामं, आणि सकाळी डेअरीला दूध घालायला जावं तर तिथे तीस-चाळीस कोप्या म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, बांधलेले बैल, तीन दगडांच्या पेटलेल्या चुली. घरात कुणीतरी म्हणायचं, "बीडवाले आले." उन्हाळा लागला की तसंच एका सकाळी रान पुन्हा मोकळं. मधल्या चार-पाच महिन्यांत या माणसांनी आमच्या शिवारातला सगळा ऊस तोडून कारखान्याला घातलेला असायचा, आणि त्यांच्यातल्या एकाचंही गाव आम्हाला धड सांगता आलं नसतं.

साखरेची गोष्ट आपण कारखान्यापासून सुरू करतो. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी कारखाना, मग तालुक्यातालुक्यात उठलेली धुराडी, त्यांच्या जिवावर निघालेली शाळा-कॉलेजं, बँका, दूध संघ, आमदारक्या. ही गोष्ट खोटी नाही. फक्त तिच्यात ऊस जणू स्वतःच्या पायांनी चालत जाऊन कारखान्याच्या गव्हाणीत पडतो. तो तोडतं कोण, त्याला पैसे कुठून मिळतात आणि वर्षाचे उरलेले सात महिने तो कशावर जगतो, हे एकदा बघितलं की पश्चिम महाराष्ट्राच्या सुबत्तेचा ताळेबंद वेगळा दिसायला लागतो. यातला बराचसा खर्च दुसऱ्याच जिल्ह्यातली गावं भरत आली आहेत.

बीडचाच माणूस का?

ऊस पिकतो कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत. तोडायला माणसं येतात ती बीडच्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, आष्टी या तालुक्यांतून, नगरच्याच पाथर्डी-शेवगाव-जामखेड पट्ट्यातून, जालना, परभणी, नांदेड, लातूरकडून. काही टोळ्या थेट बेळगाव-बागलकोटपर्यंत जातात. साहजिक प्रश्न येतो की ऊस ज्या गावात आहे, त्या गावात हात नाहीत का?

उत्तर उसाच्या स्वभावात आहे. गहू-ज्वारी कापून महिनाभर खळ्यावर ठेवली तरी चालते. ऊस तोडला की त्या क्षणापासून त्याचं वजन आणि त्यातली साखर दोन्ही घटू लागतात, म्हणून तो शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जावा लागतो. दुसरीकडे कारखाना एकदा सुरू झाला की रात्रंदिवस चालतो. ऊस कमी पडून गाळप थांबलं, त्याला 'नो केन' म्हणतात, आणि शेती अधिकाऱ्याची झोप उडवायला हे दोन शब्द पुरतात.

आता साधं गणित करा. नवरा-बायको मिळून दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात. दोन टन धरले तर रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याला अडीच हजार जोडपी लागतात, म्हणजे पाच हजार माणसं, रोज, सलग चार-पाच महिने. त्यांनी आज या शिवारात, उद्या दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या शिवारात जायला हवं. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठून भरायला हवी. स्थानिक मजूर हे करत नाही. त्याला संध्याकाळी घरी जायचं असतं, स्वतःची म्हैस पिळायची असते, पाहुण्यांच्या लग्नाला जायचं असतं, आणि दर परवडला नाही तर तो दुसऱ्याच्या बांधावर जातो. कोल्हापूर-सांगलीकडे स्थानिक टोळ्या आहेत, पण सगळा हंगाम त्यांच्यावर पेलत नाही.

बाहेरून आलेल्या माणसाला तिथे घर नसतं, शेत नसतं, सोयरेधायरे नसतात. तो तळावर राहतो आणि चोवीस तास हाताशी असतो. कारखान्याला मजुरापेक्षाही ही हाताशी असलेली माणसं जास्त मोलाची वाटतात, आणि ती मिळवायची तर माणूस त्याच्या गावापासून तोडूनच आणावा लागतो.

कोयता, उचल आणि वही

या धंद्यात कोयता हे फक्त हत्यार नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. "माझ्याकडे वीस कोयते आहेत" असं मुकादम, म्हणजे टोळी जमवून आणणारा ठेकेदार, म्हणतो तेव्हा तो चाळीस माणसांबद्दल बोलत असतो. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. हिशोब जोडीचा असल्यामुळे पैसे जवळपास नेहमीच नवऱ्याच्या नावावर पडतात. बाईचं काम निम्म्याहून कमी नसतं, पण वहीत तिचं नाव शोधून सापडत नाही.

काम बघितलेलं नसेल तर सांगतो. पहाटे, अजून फटफटलेलं नसताना, गडी वाकून ऊस बुडख्यातून तोडतो. जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडाकडे जास्त आणि शेंड्याकडे कमी असते. वर बोटभर बुडखा राहिला तरी शेतकरी ओरडतो. मग पाचट साळायचं, शेंड्याचं वाढं छाटायचं. पाचटाच्या कडा ब्लेडसारख्या असतात, म्हणून थंडी असो नसो, अंगात जुना फुल शर्ट हवाच. बाई ऊस गोळा करते, वाढ्यानेच बांधून मोळी करते. तीस-चाळीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरला लावलेल्या फळीवरून वर चढायचं, टाकायची, उतरायचं. फळी दहिवराने ओली असते. जिथे अशी डोक्यावरून भरणी होते त्याला 'डोकी सेंटर' म्हणतात, बैलगाडीने वाहतूक होते ते 'गाडी सेंटर'.

मजुरी मात्र कामानंतर येत नाही, कामाच्या आधी येते. जून ते सप्टेंबर या काळात मुकादम गावात येतो आणि प्रत्येक कोयत्याला उचल देतो. पन्नास हजार, ऐंशी हजार, लाख, कधी त्याहून जास्त. खरिपाचं बियाणं, दवाखाना, लेकीचं लग्न, मागचं कर्ज, सगळं या उचलीवर निघतं. कोरडवाहू दोन-तीन एकरांवर बँक जे देत नाही ते मुकादम देतो, आणि म्हणून तो गावात नुसता ठेकेदार नसतो, सावकारही असतो. बदल्यात हंगामभर त्याच्या सांगण्याप्रमाणे ऊस तोडायचा.

हा पैसा मुकादमाचा नसतो. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो. वाहतूकदार म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉलीवाला, बहुतेक वेळा साखर पट्ट्यातलाच शेतकऱ्याचा पोरगा. त्याला कारखान्याकडून किंवा कारखान्याच्या हमीवर बँकेकडून रक्कम मिळते, तो ती मुकादमाला देतो, मुकादम कोयत्यांना वाटतो. मुकादम पैसे घेऊन पळाला की वाहतूकदार बुडतो. दरवर्षी पोलीस ठाण्यांत अशा तक्रारींचा ढीग लागतो आणि ट्रॅक्टर विकून कर्ज भरणारी पोरं मी पाहिली आहेत. पण या साखळीचा कारखान्याला मोठा फायदा असा की कागदावर तो कुणाचाच मालक ठरत नाही. मजूर मुकादमाचा, मुकादम वाहतूकदाराचा, आणि कारखान्याचा करार फक्त वाहतूकदाराशी. उद्या मोळीखाली येऊन कुणाचा पाय मोडला, तर भरपाई कुणी द्यायची हा प्रश्न या तिघांत फिरत राहतो.

आता आकडे

तोडणीचा दर कारखान्यांचा साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात लवादापुढे ठरतो, करार साधारण तीन वर्षांचा असतो. बराच काळ मजुरांच्या बाजूने गोपीनाथ मुंडे बोलत, नंतर पंकजा मुंडे. समोर कारखान्यांच्या बाजूने शरद पवार. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला २७३ रुपयांच्या आसपास असलेला दर ३६६ च्या आसपास गेला. कामाच्या प्रकारानुसार तो थोडा इकडे-तिकडे होतो. मुकादमाचं कमिशन २० टक्के झालं, ते मजुरीवर वेगळं मिळतं.

केंद्राने २०२४-२५ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये ठरवली होती. म्हणजे टनाला ३,४००. या उताऱ्याने टनभर उसातून १०२ किलोंच्या वर साखर निघते. तोडणीचे ३६६ रुपये त्यावर वाटले तर किलोभर साखरेमागे साडेतीन रुपयांच्या जरा वर. दोन माणसांना मिळून.

उचलीचं गणित आणखी बोलकं आहे. समजा एका कोयत्याने एक लाख उचलले. ३६६ च्या दराने ते फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन, एकही दिवस न चुकता, तर १३७ दिवस. पण काही हंगाम शंभर दिवससुद्धा चालत नाहीत. शिवाय किराण्यासाठी दर पंधरवड्याला मिळणारी खर्ची याच हिशोबातून वजा होते. पाऊस पडला, रान ओलं झालं, गाडी आली नाही, लेकरू आजारी पडलं, असा एक दिवस गेला की तो खाडा. कित्येक टोळ्यांत खाड्याला दंड असतो. मार्च-एप्रिलमध्ये हिशोब होतो तेव्हा अनेकांच्या अंगावर बाकी राहते आणि ती पुढच्या वर्षीच्या उचलीत ओढली जाते. मग पुढच्या वर्षी 'येतो का' असं विचारायचं कारणच उरत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे, आणि कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणं त्याच कायद्यात बसतं. उचलीला मात्र तो शब्द वापरायला कुणी धजत नाही.

तरीही हा पैसा मराठवाड्यात जातो, हे नाकारून चालणार नाही. राज्यात दहा कोटी टन ऊस हाताने तुटतो असं धरलं तर नुसती तोडणी साडेतीन हजार कोटींच्या पुढे जाते. पाटोद्यात एवढे पैसे आणणारा दुसरा कुठलाही उद्योग नाही. गावाकडची पत्र्याची घरं, विहिरी, पोरींची लग्नं यांतूनच झाली आहेत. माणसं येतात ती कुणी फरफटत आणतं म्हणून येत नाहीत. घरची दोन एकर बाजरी-कापूस आणि रोजगार हमी यांच्याशी ताळा करून, हिशोब घालून येतात. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट रुळत गेली आणि दोन पिढ्यांत तिची रीत झाली.

साखर पट्ट्यालाही मिळणारा फायदा फक्त उसापुरता नाही. छाटलेले वाढे मजूर पेंढ्या बांधून विकतात आणि तोच हिवाळाभर आमच्या म्हशींचा हिरवा चारा. म्हणजे दूध संघाच्या टँकरमधल्या दुधातही त्यांचा वाटा आहे. तळाजवळचा किराणावाला, गिरणीवाला, आठवडे बाजारातला भाजीवाला, सगळे या चार महिन्यांवर वर्षाची बेगमी करतात. शेतकऱ्याची बाजूही ऐकायला हवी. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्याच बिलातून कापलेला असतो, वर टोळी 'खुशाली' मागते आणि ड्रायव्हर 'एंट्री', दोन्ही वरचे पैसे. एप्रिल उजाडला तरी फडात कोयता पडला नाही की तो हात जोडून देईल तेवढे देतो. २०२१-२२ मध्ये राज्याने १,३२० लाख टन गाळप करून उत्तर प्रदेशला मागे टाकलं खरं, पण तोडणारे हात कमी पडल्याने तो हंगाम जूनपर्यंत रेंगाळला आणि उरलेल्या उसासाठी सरकारला अनुदान द्यावं लागलं. मजूर किती महत्त्वाचा आहे हे त्या वर्षी बागायतदारांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मागे राहिलेलं बिल

एका कामगाराला खरा खर्च किती येतो? त्याचं बालपण, शाळा, आजारपण, काम नसलेले महिने, म्हातारपण. शहरातल्या नोकरदाराच्या पगारात यातलं थोडंफार धरलेलं असतं. टनाला ३६६ रुपयांत यातलं काहीच नाही. मग ते कोण भरतं? वस्तीवर मागे राहिलेली आजी नातवंडं सांभाळून भरते. शाळा सोडून धाकट्याला कोपीत सांभाळणारी दहा वर्षांची पोरगी भरते. जिल्हा परिषदेची हंगामी वसतिगृहं यासाठीच आहेत, कारखान्यांवर या मुलांसाठी साखर शाळाही निघाल्या होत्या. पण बाप रात्री गाडी भरत असताना कोपीत कुणीतरी थांबावंच लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे थोरली मुलगी. तिला एकटीला गावी ठेवायची धास्ती वाटते म्हणून लग्न लवकर, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार.

बाईचं शरीर या हिशोबात कुठे बसतं, ते २०१९ मध्ये बाहेर आलं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात अशा बातम्या आल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींत एक. तळावर ना न्हाणी, ना संडास, ना पुरेसं पाणी; पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर आणि खाड्याची भीती. त्यात 'कॅन्सर होईल' असं सांगणारा खासगी दवाखाना भेटला की उचलीतूनच ऑपरेशन व्हायचं. त्यानंतर अशा ऑपरेशनवर सरकारी देखरेख आली. तळावरचं पाणी मात्र टँकर आला तर आलं.

पाण्यावरून आठवलं. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीत उसाचा वाटा जेमतेम चार टक्के, पण सिंचनाच्या पाण्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा तो पितो, असं केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानेच नोंदवलं आहे. पाणी एका पिकापाशी साठलं की कोरडवाहू माणूस त्या पिकापाशी येतो. बीडमध्येही आता साखर कारखाने आहेत, तिथलाच माणूस तरीही कऱ्हाडला ऊस तोडतो.

मोजतं कोण?

या मजुरांची संख्या आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत काहीही सांगितली जाते. एवढी तफावत असण्याचं कारण असं की जनगणनेच्या कोष्टकात चार-पाच महिन्यांसाठी जाऊन परत येणारा माणूस नीट सापडत नाही. तो कायमचा हललेला नसतो आणि घरीही नसतो. कायद्याचंही तेच. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली केलेला कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून बेळगावला गेलेला त्यात बसे, बीडहून कोल्हापूरला गेलेला बसत नसे. दोघांचा कोयता एकच, मुकादमही कदाचित एकच.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ही माणसं पहिल्यांदा नीट मोजली गेली, कारण ती अडकली होती. ३८ कारखान्यांच्या तळांवर १ लाख ३० हजारांच्या आसपास मजूर होते, आणि १७ एप्रिलला सरकारने त्यांना तपासणी करून घरी सोडायचा निर्णय घेतला. पुढे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ चालू झालं. कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढेच घालायचे, असं ठरलं. संत भगवानबाबा योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली, ग्रामसेवकांकडून ओळखपत्रं द्यायचं ठरलं. ओळखपत्र महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे पहिल्यांदाच 'ऊसतोड कामगार' नावाचा कुणी माणूस सरकारदरबारी निघतो. नाहीतर तो नेहमी मुकादमाच्या वहीतलाच.

दरम्यान यंत्र आलं आहे. राज्याने ९०० तोडणी यंत्रांसाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यांतलं जे कमी असेल ते अनुदान जाहीर केलं. यंत्राला रुंद सरी लागते, मोठा सलग फड लागतो, आणि आपल्याकडे भावकीत वाटून अर्ध्या-अर्ध्या एकराचे तुकडे झालेले. त्यामुळे कोयता लगेच हद्दपार होईल असं मला वाटत नाही. पण मुकादमाने फसवलेल्या वाहतूकदाराला विचाराल तर तो उद्याच यंत्र घ्यायला तयार आहे.

गेल्या हंगामात आमच्या चुलत्यांच्या रानात यंत्र आलं. सकाळी सुरू झालं, दुपारपर्यंत दीड एकर संपला. वळायला जागा मिळाली नाही म्हणून बांधाकडेच्या दोन सऱ्या आणि एक कोपरा राहिला. तो तोडायला शेजारच्या फडातून तीन कोयते बोलावले. चहा प्यायला थांबल्या तेव्हा त्यांच्यातल्या एकीला मी विचारलं, "मावशी, औंदा किती टन झाला?"

"काय म्हाईत बाबा. मुकादमाच्या वहीत आसल."

यंत्र वाढ्यांचा भुगा करून रानात उडवतं, म्हशींना चारा म्हणून काही उरत नाही. चुलती विळा घेऊन बांधावर आली आणि त्या दोन सऱ्यांच्या वाढ्यांचा भाव विचारू लागली. मावशींनी शेकड्याला किती, दहा पेंढ्या घेतल्या तर किती, उद्या सकाळी ताज्या हव्या असतील तर किती, सगळं बोटांवर मोजून घडाघडा सांगितलं.